चुकीच्या फाट्यावर सोळा जण

ताईने पियानोचं झाकणच काढायला लावलं, तेव्हा रेकॉर्डिस्टच्या कपाळावर आठ्या पडल्या. हे काही डब्याचं झाकण नव्हे. लाकडाचं चांगलं दांडगं धूड होतं, दोघांनी उचलून भिंतीला टेकवावं लागलं. ते जागेवर असलं की पियानोचा आवाज शहाण्यासारखा एका दिशेने जातो. काढलं की चहूकडे पसरतो आणि माइक लावणाऱ्यांची तारांबळ उडते. पण झाकण ठेवलं असतं तर ताईला पलीकडचं कुणी दिसलं नसतं, आणि ह्या खेपेला सगळ्यांकडे बघायचं काम तिचंच होतं. पियानोची निमुळती बाजू वादकांच्या मधोमध घुसवून, रिकाम्या हॉलकडे पाठ करून ती बसली होती. समोर अर्धगोलात सोळा जण, व्हायोलिनपासून डबल बेसपर्यंत. आणि उभं कुणीच नव्हतं.

हे उभं कुणीच नसणं, हीच सगळी भानगड होती.

कारण एरवी तिथे दादा उभा असायचा. दादा म्हणजे ताईचा सख्खा भाऊ, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. हा छोटा वाद्यवृंद त्याने उभा केलेला, एकेक माणूस पारखून घेतलेला. ताईला चार वर्षांची असताना दोन उशा रचून पियानोपुढे बसवलं तेही त्यानेच. त्यानंतर ती बावन्न वर्षांची झाली तरी दादा हात हलवायचा आणि ती वाजवायची. जाहिरातीत वर दादाचं नाव ठळक, खाली तिचं. लोकही म्हणायचे, ‘दादांची बहीण, ती पियानो वाजवते ना, ती.’ आता खोटं कशाला बोला, तिला ते लागायचं. दादावर तिचा जीव होता, त्याच्याइतका तयार कान असलेलं माणूस तिने दुसरं पाहिलं नव्हतं, आणि तरीही लागायचं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात, आणि सख्ख्या भावाच्या बाबतीत तर बहुधा असतातच.

ह्या रेकॉर्डिंगसाठी तिने दोन कॉन्चेर्टो निवडले होते. कॉन्चेर्टो म्हणजे पियानो एका बाजूला, बाकीची वाद्यं दुसऱ्या बाजूला आणि दोघांचं मनसोक्त बोलणं. अडीचशे वर्षांपूर्वीचं संगीत ते. त्या काळी समोर उभं राहून हात हलवणारा कुणी नसायचा. ज्याने लिहिलं तोच पियानोपुढे बसायचा आणि वाजवता वाजवता सगळ्यांना घेऊन जायचा. ताईला तसंच करायचं होतं. एकदा, निदान एकदा, आपलं आपण.

दादाला सांगितलं तर तो लगेच हो म्हणाला. तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली.

‘कर की,’ दादा म्हणाला. ‘अडलं तर मी आहेच.’

हे ‘मी आहेच’ ऐकत ताई लहानाची मोठी झाली होती. सायकल शिकताना मी आहेच, परीक्षेला मी आहेच, लग्न ठरवताना मी आहेच. आणि तो खरोखरच असायचा, हेच तर दुखणं होतं. आत्तासुद्धा होता. हॉलच्या कडेला काचेमागे रेकॉर्डिंगची खोली होती, तिथे चहाचा थर्मास घेऊन तो ठाण मांडून बसला होता. नुसता चहा प्यायला आलोय म्हणे. घरी काय चहा मिळत नव्हता?

पहिला अख्खा दिवस वाया गेला.

चुकीचं कुणीच वाजवत नव्हतं. ते परवडलं असतं. सगळे बरोबर वाजवत होते, पण केसभर उशिरा. पियानो जायचा, मग वाद्यं यायची. जिना उतरताना अजून एक पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं दर दोन ओळींना व्हायचं. ताई डोक्याने खुणा करत होती, डावा हात मोकळा झाला की तो उचलत होती, भुवया उंचावत होती. जितक्या खुणा जास्त तितका गोंधळ जास्त, आणि त्या नादात तिचं स्वतःचं वाजवणंही पातळ झालं होतं. एकोणीस वेळा सुरुवात झाली, एकोणीस वेळा रेकॉर्डिंगचा लाल दिवा बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेबाराला, आणखी चार प्रयत्न फसल्यावर, स्पीकरमधून रेकॉर्डिस्टचा आवाज आला. बाई स्वभावाने शांत होती आणि तिचा शांतपणाच जास्त टोचायचा.

‘ताई, हॉल आपल्याकडे उद्या संध्याकाळपर्यंतच आहे. दोन पूर्ण कॉन्चेर्टो करायचे आहेत आणि अजून एकाही कॉन्चेर्टोचा पहिला भागसुद्धा हातात नाही. मी काय म्हणते, एक वाजेपर्यंत बघू. नाहीच जमलं तर जेवणानंतर दादांना उभं करू. ते इथेच आहेत.’

काचेपलीकडे दादाने हातातला कप किंचित वर केला. बिचाऱ्याने तो प्रेमानेच वर केला, पण ताईने नजर पियानोकडे वळवली. दादा उभा राहिला की अर्ध्या तासात सगळं सुतासारखं सरळ होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि मग रेकॉर्डच्या पाकिटावर पुन्हा दोन नावं, वर एक आणि खाली एक. ह्यापुढे आयुष्यात कुणी तिला ‘एकटीने कर’ म्हणणार नव्हतं, आणि तिची स्वतःची विचारायची हिंमतही झाली नसती.

‘ठीक आहे,’ ती म्हणाली. ‘एक वाजेपर्यंत.’

दहा मिनिटांची सुट्टी झाली. मंडळी पाय मोकळे करायला उठली. पहिल्या व्हायोलिनवर बसणारी मावशी मात्र बाहेर गेली नाही. मावशी म्हणजे कुणाचीच मावशी नव्हे, पण दादाचे केस काळे होते तेव्हापासून ह्या खुर्चीवर होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. व्हायोलिनच्या धनुकलीला राळ घासत ती पियानोजवळ आली.

‘एक विचारू? राग नाही ना येणार?’

‘येईल. तरी विचारा.’

‘कालपासून हे मानेने काय चाललंय तुझं?’

‘काय म्हणजे? खुणा करतेय. कुणीतरी करायला नकोत का?’

‘त्या खुणा दादांच्या आहेत,’ मावशी म्हणाली. ‘भुवई दादांची, हनुवटी दादांची, तो डावा हात असा पसरायचा तोही दादांचाच. पण दादांना दोन हात मोकळे असतात, तुला अर्धाच आहे. आम्हाला समजेना, तुझ्या हनुवटीकडे बघायचं की तुझा पियानो ऐकायचा. दादाच हवे असतील तर ते बसलेत ना तिथे, अस्सल. त्यांची नक्कल कशाला?’

मागून पैलवान आला. तो डबल बेस वाजवायचा. वाद्य त्याच्याहून दीडपट रुंद होतं आणि तो स्वतः काडीपैलवान, म्हणून ते नाव. ‘काल तुमची मान हलली म्हणून मी वाजवून बसलो,’ तो म्हणाला, ‘आणि तुम्ही तर डोळ्यांवरचे केस उडवत होता.’

ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ओठांवर उत्तर आलं होतं, पण तिने ते गिळलं, कारण मावशीचं म्हणणं खरं होतं. आपलं आपण करायचं म्हणून ती बसली होती आणि पहिल्या मिनिटापासून दादाचा मुखवटा चढवून बसली होती. इतकी वर्षं एकच माणूस बघितल्यावर दुसरं काय सुचणार?

‘मग करू काय मी?’ तिने विचारलं.

‘वाजव,’ मावशी म्हणाली. ‘नुसतं वाजव. आम्ही काय बहिरे आहोत?’

मंडळी परत जागेवर बसली. मोबाइल बाहेरच्या टोपलीत गेले, घड्याळं काढली, पंखे बंद झाले. लाल दिवा लागला. ताईने हात मांडीवर ठेवले. काही केलं नाही. फक्त श्वास घेतला, नेहमीसारखा, गाणं सुरू करायच्या आधी माणूस घेतो तसा.

आणि सोळा जण निघाले.

सुरुवातीला चांगली दीड मिनिटं पियानोला काही काम नसतं, वाद्यंच बोलतात. एरवी ताई तेवढ्या वेळात मानेचा व्यायाम करायची. आज ती गप्प बसून ऐकत राहिली, आणि तिला कळलं की काल हे तिने ऐकलंच नव्हतं. व्हायोलिनच्या खाली, जरा जाड आवाजात, व्हिओला किती गोड कुरकुरतात, हॉर्न कसे लांबून हाक मारल्यासारखे येतात. तिची वेळ आली तेव्हा तिने पियानो सुरू केला नाही, चाललेल्या गप्पांत आपलं वाक्य टाकावं तसा टाकला. केसभराचा उशीर कुठे गेला कोण जाणे. कुणी त्याचं नावही काढलं नाही.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ह्या पहिल्या भागात एक वळण दोनदा येतं. दोन्ही वेळा दोन ओळी हुबेहूब सारख्या आहेत, स्वर न् स्वर तोच. तिसऱ्या ओळीला फाटा फुटतो. पहिल्या वेळी त्या फाट्यावरून परक्या पट्टीत जायचं आणि तिथे ओबो, म्हणजे सनईचा परदेशी भाऊ, एक लहानशी धून म्हणतो. दुसऱ्या वेळी दुसरा रस्ता धरून घरच्या पट्टीत परतायचं. ज्याला समोर कागद नसतो, पाठ वाजवायचं असतं, त्याच्यासाठी हा फाटा म्हणजे निसरडी जागा. ताईने हा तुकडा हजारदा वाजवला असेल आणि हजारदा तिथे मनातल्या मनात स्वतःला बजावलं असेल, की बाई, आता डावीकडे.

पहिल्या वेळी ती बरोबर गेली. ओबोवाला लांबू, सहा फुटांच्या वरचा आणि एरवी अबोल, त्याने आपली धून म्हटली आणि शेवटच्या स्वरावर जरासा रेंगाळला. काल तो कधी रेंगाळला नव्हता. ताईला इतकं बरं वाटलं की तिनेही उत्तर देताना जरासा वेळ काढला, मग खालच्या सुरांतल्या चेलोंनी काढला, मग सगळंच सैल आणि जिवंत झालं. मधला, पियानो आणि वाद्यांच्या झगड्याचा भाग आला आणि गेला. वळण दुसऱ्यांदा आलं तेव्हा ताईच्या मनात बजावणं वगैरे काही नव्हतं. तिच्या कानात लांबूची ती धून होती आणि ती पुन्हा ऐकायची हौस होती.

बोटं हौसेच्या मागे गेली. फाट्यावर तिने चुकीचा रस्ता धरला.

एका स्वरात तिला कळलं. आपण परक्या पट्टीत, आणि ह्यांच्यासमोर छापील कागद घरच्या पट्टीचा. आता असा काही कडाका उडणार, जणू ताटाळंच खाली आलं. थांबायला हवं, हात वर करायला हवा, काचेमागे सगळं ऐकलं जातंय. आणि हे सगळं मनात येईपर्यंत हॉलमध्ये एक आवाज झाला.

पानांचा. सोळा स्टँडवरची पानं एकदम सर्रकन उलटली. पुढे नाही, मागे.

कडाका उडालाच नाही. अर्धी ओळ जराशी विस्कटली, एक व्हिओला भलतीकडे जाऊन परत आला, पैलवान तर ओळभर गप्पच झाला. मग तोही घुमत आला, बरोबर त्याच चुकीच्या पट्टीत. आणि लांबूने ओबो ओठाला लावून ती धून म्हटली, जी त्या जागी म्हणायचीच नव्हती, तितक्याच प्रेमाने, तितकाच रेंगाळून.

ह्या लोकांसमोर कागद होता आणि कागद बरोबर होता. चूक तिची एकटीची होती. त्यांनी कागदावर विश्वास ठेवला असता तर कुणी त्यांना बोल लावला नसता. आणि कुणी कुणाकडे बघितलं नव्हतं, बघायला वेळच कुठे होता. सोळा जणांनी सोळा ठिकाणी बसून एकच ठरवलं, की ताई जिकडे तिकडे आपण. काल आपण मान मोडेस्तोवर मागत होतो ते हेच, आणि ते असं मिळालं.

आता थांबायचं नव्हतं. पण घोडं तर अडलं होतं. हा रस्ता गोल फिरून पुन्हा मधल्या झगड्यात जाणार, तिथून पुन्हा ह्याच फाट्यावर येणार. असं फिरत बसलो तर संध्याकाळ होईल. घरी जायचं तर वाट पाडायला लागेल. ताईने एक स्वर धरला आणि तो नुसता थरथरवत ठेवला, ठरल्यापेक्षा लांब, म्हणजे सगळ्यांना कळावं की काहीतरी येतंय. मग डाव्या हाताने खालच्या स्वरांत एकेक पायरी उतरायला सुरुवात केली. कुठेही न लिहिलेल्या दोन ओळी तिने तिथल्या तिथे जुळवल्या. तिसऱ्या पायरीवर चेलो तिच्याबरोबर उतरले. चौथ्या पायरीवर पैलवान. पानं पुन्हा सर्रकन उलटली, ह्या वेळी पुढे, आणि घरच्या पट्टीत सगळे मिळून असे आले की दार उघडंच होतं म्हणावं.

शेवटचा स्वर वाजला. रेकॉर्डिंगचा शिरस्ता असा की आवाज हवेत पुरता विरेपर्यंत कुणी हलायचं नाही. कुणी हललं नाही. मावशीने धनुकली तारेवरून उचलली नव्हती, पण तिचे खांदे हसण्याने हलत होते.

स्पीकर कट् करून वाजला. ‘ताई,’ रेकॉर्डिस्ट म्हणाली. ‘हे काय होतं?’

‘सहल,’ लांबू म्हणाला. दोन दिवसांत तो बोललेला हा पहिला शब्द, आणि मग जो हशा झाला तो पैलवानाचं वाद्य त्याच्याच अंगावर कलंडेपर्यंत थांबला नाही.

‘किती वाजले?’ ताईने विचारलं.

‘बारा वीस.’

‘तर मग पुन्हा घेऊ. सगळा भाग, सलग.’

तिला जराही शंका नव्हती. ज्यांना आपण चुकीच्या वाटेने नेऊन सुखरूप परत आणलं, त्यांना बरोबर वाटेने न्यायचं म्हणजे काय मोठं काम होतं? फाटा आला, ती योग्य बाजूला वळली आणि लांबूने तिच्याकडे पाहून खोटंखोटं हिरमुसलं तोंड केलं. बारा चाळीसला लाल दिवा विझला. रेकॉर्डिस्टने सांगितलं की ह्यात कात्री लावायला कुठे जागाच नाही, आणि ते सांगताना तिच्या शांतपणाचं पार पाणी झालं होतं.

मंडळी जेवायला गेली. ताई काचेमागच्या खोलीत आली. रेकॉर्डिस्ट हात धुवायला गेली होती. दादा एकटाच हेडफोन लावून बसला होता, डोळे मिटलेले, थर्मास तसाच भरलेला. ताईला वाटलं तो चांगला टेक ऐकतोय. तिने एका कानावरचा हेडफोन सरकवून आपल्या कानाला लावला. पानं मागे उलटल्याचा तो आवाज होता.

‘हा कशाला ऐकतोयस? वाया गेलेला आहे तो.’

‘तिसऱ्यांदा ऐकतोय,’ दादा म्हणाला. त्याने हेडफोन काढले आणि टेबलावर ठेवले. ‘तुला आठवतं, बारा वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात मी एकदा चुकलो होतो? पहिला भाग परत घ्यायचा आहे असं वाटलं आणि मी मागे फिरलो. तुम्ही सगळे पुढे गेलात.’

तिला आठवत होतं.

‘बरोबरच केलंत. कार्यक्रम वाचला, लोकांना कळलंसुद्धा नाही. मी पाच-सहा ओळी हवेत हात हलवत होतो आणि मला कुणाचीच गरज नव्हती. म्हणजे कुणाला माझी नव्हती.’ तो हसला, पण डोळ्यांनी नाही. ‘तूसुद्धा आली नाहीस.’

हे खरं होतं. ती तेव्हा पियानोवर होती. दादाचा हात चुकीकडे वळताना तिने पाहिला होता आणि मान खाली घालून ती कागदातलं वाजवत राहिली होती. घरी जाताना त्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. तिला वाटलं होतं, न बोलणं म्हणजे सांभाळून घेणं.

‘मी पाहिलं होतं, दादा,’ ती म्हणाली. ‘तुझा हात वळताना. मला यायला हवं होतं.’

‘वेडी आहेस. आली असतीस तर दोघं पडलो असतो.’ त्याने तिचा हात धरला आणि थोपटला. ‘आयुष्यभर मी लोकांना बरोबर वाजवायला शिकवलं, आणि ते शिकले. पण असं माझ्यामागे कुणी आलं नाही. तुझा हेवा वाटतोय मला, स्पष्टच सांगतो. आणि इतका आनंद झालाय की चहा प्यायचा राहिला.’

ताईने थर्मास उघडून त्याला कपभर चहा ओतून दिला. चहा अजून गरम होता.

‘चल, जेवून घेऊ,’ ती म्हणाली. ‘दोन वाजता पुढचा भाग आहे.’

दादाने नाही म्हणून मान हलवली आणि हेडफोन पुन्हा हातात घेतले. ‘मी एकदा ऐकतो हे आणखी. तू हो पुढे. तुझी माणसं खोळंबली असतील.’